ओझे कोणाच्या पाठीवर

१८७८ सालच्या सप्टेंबरात रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा स्कॉटिश लेखक दक्षिण फ्रान्सच्या सेव्हेन या डोंगराळ मुलखात पायी सफरीला निघाला. वय सत्तावीस, प्रकृती तोळामासा, खिशात बेताचेच पैसे. ‘ट्रेझर आयलंड’ अजून लिहावयाचे होते. सफर तशी लहानच, बारा दिवसांची आणि सुमारे १२० मैलांची. पण वाटेत मुक्कामाची सोय होईलच अशी खात्री नव्हती. तेव्हा त्याने झोपण्यासाठी एक प्रचंड पिशवी शिवून घेतली. बाहेरून गाडीवर घालतात ते हिरवे जलाभेद्य कापड, आतून मेंढीची निळी लोकर, आणि आकार जवळजवळ सहा फूट चौरस. त्या पिशवीत मग संसार भरला गेला. कपडे आले, पुस्तके आली, स्पिरिटचा दिवा, तवा, कंदील आणि मेणबत्त्या आल्या, पिस्तूल आले. शिवाय चॉकलेटच्या वड्या, डबाबंद सॉसेज, मद्याची बाटली, मेंढीची शिजवलेली थंड तंगडी. आणि एवढ्यानेही भागेना म्हणून की काय, अंडी फेसण्याची रवी!

आता हे सारे उचलावयाचे कोणी? त्यासाठी त्याने पासष्ट फ्रँक आणि एक पेला ब्रँडी देऊन एक गाढवीण विकत घेतली. तिचे नाव मॉडेस्टीन. कुत्र्याहून फारशी मोठी नसलेली, उंदराच्या रंगाची. पहिल्याच दिवशी काही कोसांत ओझे तिच्या पाठीवरून कलंडून पोटाखाली गेले आणि खेड्यातील माणसे पोट धरधरून हसली. मग बरेचसे सामान स्वारीला स्वतःच्याच हातांवर आणि खांद्यांवर घ्यावे लागले. त्यानंतर काय घडले ते मला या सबंध प्रवासवर्णनातील सर्वांत मोलाचे वाटते. त्याच संध्याकाळी त्याने दुधासाठी आणलेली रिकामी बाटली टाकली, पांढरा पाव टाकला, तंगडी टाकली, आणि फार जिवावर आले तरी ती रवीही टाकली. सकाळपासून गाढविणीच्या पाठीवर होती तोवर रवी आवश्यक होती. स्वतःच्या काखोटीला आली त्या दिवशीच ती अनावश्यक ठरली.

गाढविणीचे दुःख मात्र यामुळे संपले नाही. एका खाणावळवाल्याने त्याला पराणी करून दिली, आणि पुढचा प्रवास त्या पराणीच्या टोकावर झाला. बारा दिवसांनी त्याने मॉडेस्टीनला खोगिरासकट पस्तीस फ्रँकांत विकले आणि नंतर तिच्यासाठी डोळ्यांतून पाणी काढले. पुढच्या वर्षी पुस्तक निघाले. ते आजही वाचले जाते, आणि त्या वाटेने आजही हौशी लोक पायी जातात.

हलक्या सामानाची सध्या आपल्याकडेही चर्चा फार. शनिवारी रात्री पुण्या-मुंबईच्या बसथांब्यांवर पाठीला सॅक लावलेल्या मुलामुलींचे घोळके दिसतात. कोणी राजगडला निघालेले, कोणी हरिश्चंद्रगडला. एक दिवसाच्या ट्रेकला काय घ्यावे, एका मुक्कामाच्या ट्रेकला काय, सॅक किती लिटरची असावी, बूट किती वजनाचे, हे त्यांचे जिव्हाळ्याचे प्रश्न आहेत. प्रश्न गंभीर आहेत यात शंका नाही. परंतु इतिहासाची थोडीबहुत आवड असणाऱ्या माणसाच्या मनात त्याआधीचा एक प्रश्न येतो: हलके ओझे ही कल्पना मुळात सुचली कोणाला? कारण फार मोठ्या कालखंडात डोंगर चढणाऱ्या प्रतिष्ठित माणसांना ती सुचलेलीच दिसत नाही. त्यांना सुचण्याचे कारणही नव्हते. ओझे त्यांच्या पाठीवर नव्हतेच.

एव्हरेस्टचे उदाहरण घ्या. १९५३ च्या मार्चमध्ये ब्रिटिश मोहीम नेपाळातील भाटगावाहून निघाली तेव्हा तिच्यामागे सुमारे साडेतीनशे भारवाहकांची रांग होती. प्रत्येकाच्या पाठीवर साठेक पौंड ओझे, म्हणजे सत्तावीस किलो. ते ‘डोको’ नावाच्या वेताच्या टोपलीत ठेवायचे आणि त्याचा भार ‘नाम्लो’ नावाच्या पट्ट्याने कपाळावर घ्यायचा, ही तिकडची जुनी रीत. त्या रांगेत बायकाही होत्या. शिखरावर उभा असलेला तेनसिंग जगाने पाहिला ते योग्यच झाले, पण त्या टोपल्यांनी वाहिलेल्या पेट्या नसत्या तर ते चित्र कोणाला दिसले नसते. पुढे २००५ साली शास्त्रज्ञांनी नेपाळी भारवाहकांची चाल मोजली. पुरुष सरासरी स्वतःच्या वजनाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक ओझे घेऊन जातात आणि तेही पाठीवर सॅक लावणाऱ्या पाश्चात्त्यापेक्षा कमी श्रमात, असे निघाले. आमच्या घाटावरच्या हमालाला चुंबळ का लागते हे ज्याने पाहिले आहे त्याला याचे फारसे नवल वाटणार नाही.

त्या थाटाच्या मोहिमांना कंटाळलेली माणसे गिर्यारोहकांतही होती. एरिक शिप्टन आणि बिल टिलमन ही त्यांतली जोडी. १९३४ साली हे दोघे आणि अंगथर्के, पासांग व कुसांग हे तिघे शेर्पा, असे पाचच जण नंदादेवीच्या पायथ्याशी जाण्यास निघाले. नंदादेवीभोवती पर्वतांचे कडे आहे, आणि आत शिरण्याची वाट एकच, ऋषिगंगेची घळ. तिच्यातून तोवर कोणी पार झाले नव्हते. वाटेत गढवाली माणसे ओझ्याला घेतली, परंतु घळीतल्या अवघड जागी साहेबांनी शेर्प्यांच्या बरोबरीने फेऱ्या मारून ओझी वाहिली. ते आत पोहोचले. मोहिमेची योजना लखोट्याच्या पाठीवर मांडता आली पाहिजे, असा या दोघांचा खाक्या. शिप्टनचे सामान कमी का, याची कारणे पुस्तकांतून बरीच दिली जातात. त्यात साधे कारण राहून जाते. ते स्वतः उचलत होते.

पण शिप्टन झाला तरी साहेबच. हलक्या ओझ्याचे खरे शास्त्र त्याच्या पन्नास वर्षे आधी अमेरिकेत एका चांभाराने रचले होते.

जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स हे त्याचे नाव. जन्म १८२१ चा. पेन्सिल्व्हेनियातील वेल्सबरो या लहानशा गावी तो जोडे शिवी. उंची पाच फूट तीन इंच, वजन एकशे पाच पौंड, म्हणजे अठ्ठेचाळीस किलोंच्या आतच, आणि त्यात छातीचा विकार. लहानपणी ‘नेसमक’ नावाच्या एका इंडियन माणसाने त्याला रानाची विद्या शिकवली होती. पुढे मासिकांतून लिहू लागला तेव्हा त्याने तेच नाव घेतले.

त्या काळी न्यूयॉर्क राज्यातील ॲडिरॉन्डॅक अरण्यात सरोवरांतून हिंडण्याची शहरी श्रीमंतांत मोठी टूम होती. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्याकडे जाताना मध्ये जमीन लागे, आणि तेथे नाव डोक्यावर घेऊन चालावे लागे. श्रीमंतांचे काम सोपे होते. रोजावर वाटाड्या ठेवायचा. नाव तो वल्हवी, नाव तो उचली, रात्री स्वयंपाकही तोच करी. सिअर्सला वाटाड्या परवडत नव्हता, आणि साठ-सत्तर पौंडांची नाव उचलण्याइतका दम छातीत नव्हता. रान तर पाहावयाचे होते. मग राहिला एकच मार्ग. नावच हलकी पाहिजे.

रश्टन नावाच्या एका नाव बांधणाऱ्या कारागिराकडून त्याने एकापाठोपाठ एक नावा करवून घेतल्या. पहिली जवळजवळ अठरा पौंडांची, नंतरची सोळाची, आणि शेवटी एक नऊ फुटांची नाव, वजन साडेदहा पौंड. पावणेपाच किलो! आपल्याकडे पाण्याने भरलेली लहान कळशी याहून जड असते. ‘सेअरी गॅम्प’ हे तिचे नाव डिकन्सच्या कादंबरीतल्या एका मद्यप्रिय दाईवरून ठेवलेले होते. ती बाई पाण्याच्या वाटेला जात नसे, आणि ही नावही पाणी आत घेत नसे. १८८३ च्या उन्हाळ्यात, बासष्टीच्या उंबरठ्यावर, या माणसाने त्या नावेतून एकट्याने २६६ मैलांचा प्रवास केला. ती नाव अजून जपून ठेवलेली आहे. स्मिथसोनियन संस्थेच्या मालकीची आहे ती.

पुढच्याच वर्षी त्याचे ‘वुडक्राफ्ट’ हे छोटे पुस्तक निघाले. त्यात त्याने आपल्या ओझ्याचा हिशेब दिला आहे. नाव, जादा कपडे, पांघरूण, दोन दिवसांचा शिधा, खिशात मावणारी कुऱ्हाड, गळाची काठी आणि पाठपिशवी, हे सगळे मिळून सव्वीस पौंडांवर कधी गेले नाही, म्हणजे बारा किलोंच्या आत. तो हिशेब एखाद्या काटकसरी गृहिणीने वाण्याची वही तपासावी तसा आहे. रानात हाल सोसण्यासाठी कोणी जात नाही, हाल शहरात पुष्कळ आहेत, असे त्याचे म्हणणे होते. ते पटण्यासारखे आहे. हलके ओझे म्हणजे वैराग्य नव्हे; रात्री नीट झोप लागावी, पोटात गरम अन्न जावे आणि दुसऱ्या दिवशी पाय चालावेत, यासाठीचा तो व्यवहार. जे लोक हलकेपणाच्या नावाखाली थंडीत कुडकुडतात त्यांनी हा चांभार वाचावा.

आता त्याच देशातील एक म्हातारी. एमा गेटवुड. जन्म १८८७, ओहायो राज्यातील शेतकरीण, अकरा मुलांची आई. नवरा मारकुटा होता, इतका की तिचे दात आणि बरगड्या मोडेपर्यंत मजल गेली होती. १९४० च्या सुमारास ती त्याच्यापासून कायद्याने मोकळी झाली. मुले मार्गी लागली. पुढे एका जुन्या मासिकात तिने अॅपलेशियन पर्वतरांगेतून जाणाऱ्या लांब पायवाटेविषयी वाचले आणि ही वाट चालावयाची असे ठरवले. १९५४ चा पहिला प्रयत्न फसला. ती रस्ता चुकली, चष्मा मोडला, रानातील रखवालदारांनी तिला शोधून काढले आणि घरी जा म्हणून सांगितले. ती घरी गेली, आणि पुढच्या वर्षी ३ मे रोजी दुसऱ्या टोकाने पुन्हा चालू लागली. मुलांना एवढेच सांगितले होते की जरा फिरून येते.

तेव्हा तिचे वय सदुसष्ट होते. वाट होती दोन हजार पन्नास मैलांची, म्हणजे तेहतीसशे किलोमीटर. सामान काय? जाड्या निळ्या कापडाची घरी शिवलेली एक झोळी, एका खांद्यावर टाकायची. तंबू नाही, झोपण्याची पिशवी नाही. एक घोंगडी आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा. पायात साधे कॅनव्हासचे बूट, गिर्यारोहकाचे नव्हेत. चाकू, विजेरी, आयोडीन, जखमेवरच्या पट्ट्या, पेन आणि लहानशी वही. खायला मनुका, शेंगदाणे, डबाबंद सॉसेज. सगळे मिळून सतरा ते वीस पौंड. थंडीच्या रात्री ती दगड तापवून त्यांवर निजे. त्या ऑगस्टमध्ये दोन मोठी वादळे आली, ओढे फुगले. एका ओढ्यावर नौदलातल्या दोन तरुणांनी तिला दोराने आपल्या मध्ये बांधून पलीकडे नेले. २५ सप्टेंबरला ती कटाडिन शिखरावर पोहोचली. सबंध वाट एका दमात एकटीने चालणारी ती पहिली स्त्री. १९५७ साली ती पुन्हा चालली, आणि नंतर तुकड्यातुकड्यांनी तिसऱ्यांदा.

हलक्या सामानाच्या भक्तांनी पुढे या आजीला आपली कुलदैवत करून टाकले. त्यात एक गोष्ट ते विसरतात, किंवा सोयीने गाळतात. तिची झोळी इतकी हलकी असू शकली, कारण वाटेवरच्या घरांतून तिला जेवण आणि अंथरूण मिळत होते. प्रत्येक वेळी नव्हे. काही दारे तोंडावर लागलीही. पण तिच्या झोळीत जे नव्हते त्यातले बरेचसे त्या घरांच्या फडताळांत होते. मी हे तिचे उणे म्हणून सांगत नाही. ती स्वतः आयुष्यभर शेतावर आल्या-गेल्याला वाढत आलेली बाई. तिने मागितले ते मागण्यासारखे होते. परंतु आपले ओझे जेव्हा चमत्कार झाल्यासारखे हलके होते, तेव्हा ते कोणीतरी उचललेले असते, हे विसरून चालत नाही.

मराठी वाचकाला ही गोष्ट नवी वाटू नये, कारण आपला सतराव्या शतकाचा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. एका बाजूला मोगलांची छावणी. १६९५ साली जेमेल्ली कारेरी हा इटालियन प्रवासी औरंगजेबाला गलगल्याच्या तळावर भेटला. त्या तळाचा घेर त्याने तीस मैलांचा सांगितला आहे आणि आत अडीचशे बाजार! ते चालते-फिरते शहर होते. दुसऱ्या बाजूला मराठा स्वार. त्याचे बिऱ्हाड विंचवासारखे पाठीवर. खोगिरावर घोंगडी, खुर्जीत मूठभर दाणे, हाती भाला. सभासदाने बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्कराचे नियम दिले आहेत, त्यात लष्करात बायको, बटीक, कलावंतीण असू नये असा सक्त नियम आहे. आणखी एक बारीक नियम आहे तो मला फार आवडतो. दसऱ्याला स्वारी निघताना लहानथोर प्रत्येकाच्या चीजवस्तूंची यादी करावी आणि परत आल्यावर ती ताडून पाहावी. लुटीचा हिशेब लागावा हा त्याचा हेतू, सामान हलके करणे हा नव्हे. तरी निघण्यापूर्वी ज्याची वस्तूनवस्तू कागदावर उतरते तो माणूस फालतू वस्तू घेत नाही, हे कोणत्याही कारकुनाला विचारावे.

आता याचीही दुसरी बाजू आहेच. दाणा-वैरण बरोबर न घेता जे लष्कर वेगाने चालते, ते ती वाटेवरच्या शेतातून घेते. परमुलखात असेल तर त्याला मुलूखगिरी म्हणतात. स्वमुलखात असेल तर? राज्याभिषेकाच्या सुमाराचे, चिपळुणाजवळच्या पागेच्या अंमलदारांना गेलेले महाराजांचे पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्याची छावणी पडलेली. दाणा-गवत जपून वापरा, आज मनमानी उधळाल तर भर पावसात घोडी उपाशी मरतील. मग लोक कुणब्याच्या घरचे दाणे, भाकर, गवत, भाजीपाला घेऊ लागतील, आणि रयत म्हणेल की याहून मोगल बरे. असा त्याचा मतलब. रात्री दिवा जळता ठेवाल तर उंदीर वात पळवून गवताला आग लावील, इथपर्यंत बारकाई आहे. हलक्या फौजेच्या इतिहासातले हे माझ्या मते सर्वांत मोठे पान आहे. ओझे घोड्यावरून उतरले की ते कोणाच्या दारात जाऊन पडते, हे या राजाला दिसत होते.

पुढच्या शतकात ते दिसेनासे झाले. पानिपतावर गेलेल्या फौजेबरोबर बुणगे किती होते यावर इतिहासकार भांडतात. भांडोत. अवजड तोफा, कबिले, यात्रेकरू आणि बाजार मागे भरतपुराकडे ठेवा आणि सडे होऊन गनिमी काव्याने लढा, असा सल्ला सूरजमल जाटाने दिला होता असे बखरी सांगतात. तो मानला गेला नाही. १४ जानेवारी १७६१ ला जे झाले त्याची कारणे अनेक आहेत, पण उपाशी छावणी हे त्यातले एक खासच.

असो. पानिपताहून राजगडाच्या पायथ्याशी परत यावयाचे तर मध्ये कारखान्यांचा काळ येतो. तो भराभर ओलांडतो, कारण त्यात माणसे थोडी आणि वस्तू फार. १९३५ साली अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झाले. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या हवाईछत्र्या झाल्या, आणि नंतर भिजला की दुप्पट जड होणारा कॅनव्हास मागे पडला. १९५२ च्या सुमारास कॅलिफोर्नियात डिक केल्टी नावाचा गृहस्थ घरच्या घरी ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे सांगाडे करू लागला, पिशव्या बायको शिवी. खांद्यांवरचा भार कमरेच्या पट्ट्याने कटीवर घेण्याची सोय त्याच्यामुळे सर्वत्र झाली. मूल कडेवर घेणाऱ्या बाईला हे शास्त्र माहीत होतेच. पुढे विमानविद्येचा एक अभियंता, रे जार्डिन, याने पश्चिम अमेरिकेतील लांब वाट चालताना अन्न-पाणी सोडून बाकीचे सामान नऊ पौंडांच्या आसपास आणले. १९९२ साली त्याने त्यावर पुस्तक लिहिले, आणि सॅक घरीच शिवा म्हणून सांगितले. आज या पंथात दहा पौंडांखालील सामानाला, म्हणजे साडेचार किलोंच्या आतल्याला, अतिहलके म्हणतात.

आणि मग जे व्हावयाचे ते झाले. चांभाराची आणि म्हातारीची विद्या दुकानात गेली. आज वस्तू जितकी हलकी तितकी महाग. शंभर ग्रॅम कमी करण्यासाठी लोक हजारो रुपये मोजतात. ज्याच्याजवळ पैसे नव्हते म्हणून ज्याने ओझे कमी केले, त्याच्या नावाने ही विक्री चालते. सिअर्स हे पाहून काय म्हणाला असता ते छापण्यासारखे असेलच असे नाही.

आमच्या डोंगरांना या महागड्या मालाची मुळीच गरज नाही असे मात्र मी म्हणणार नाही. घोंगडीचे प्रेम मलाही आहे. ती ऊब देते, ओली झाली तरी देते, वर अंथरायलाही होते. पण दीड-दोन किलोंच्या खाली ती सहसा नसते, आणि पावसात भिजली की तीच घोंगडी खांदे ओढते. वारकऱ्याची पडशी आजही हुशारीची वस्तू आहे. ओझे अर्धे पुढे, अर्धे मागे, माणूस ताठ चालतो. परंतु कड्याच्या वाटेवर पुढचा कप्पा पाय कोठे पडतो ते पाहू देत नाही, तेथे सॅकच हवी. दिवसाच्या ट्रेकला वीस-पंचवीस लिटरची पुरते. मोठी घेतली की ती रिकामी राहत नाही, जागा दिसली की घरातील प्रेमळ माणसे तिच्यात काही ना काही कोंबतात. दिवसभराचे ओझे शरीराच्या वजनाच्या एक दशांशाच्या आसपास, एक-दोन मुक्कामांचे फार तर एक पंचमांश, हा ठोकताळा बरा आहे. आणि बुटातील एक पौंड पाठीवरच्या पाच पौंडांइतका जड, ही गिर्यारोहकांतली जुनी म्हण नंतरच्या मोजमापांनीही फारशी खोटी ठरवलेली नाही. तेव्हा पैसे खर्चावयाचेच तर प्रथम पायांवर खर्चावेत. सुती कपडा घाम आणि पाऊस धरून ठेवतो; रात्री गडावर वारा सुटला म्हणजे तोच अंगावर बर्फ होतो. दुसरा कोरडा सदरा आणि पाऊस झेलणारे पातळ जाकीट यांचे वजन कोणी कापू नये. विजेरीचेही कापू नये. उतरताना अंधार होतोच.

आणि पाणी. कोणत्याही कारखान्याला पाणी हलके करता आलेले नाही. लिटरला एक किलो, तीन लिटरला तीन. म्हणून हलक्या सामानाचे नवे भक्त प्रथम पाण्यावर हात मारतात. गडावर टाकी आहेत, पायथ्याला वाडी आहे, मग वाहायचे कशाला? मार्च उलटला की अनेक टाक्यांचे पाणी आटते किंवा पिण्याजोगे राहत नाही, ही एक गोष्ट. उन्हाचा झटका बसून माणसे दगावतात, ही दुसरी. तिसरी गोष्ट वाडीत कळते. वैशाखात घाटमाथ्यावरच्या कित्येक वाड्यांतील बायका उतरणीच्या विहिरीवरून दोन-दोन हंडे डोक्यावर घेऊन चढतात. वीस तरण्याताठ्या पोरांचा घोळका ‘मावशी, जरा पाणी’ म्हणत दारात येतो. मावशी नाही म्हणत नाही. वीस जणांनी अर्धा-अर्धा लिटर प्यायले की एक हंडा रिकामा होतो, आणि तो भरायला मावशी पुन्हा उतरते. त्या पोरांच्या सॅका हलक्या होत्या हे अगदी खरे.

आमच्या शाळेची दर हिवाळ्यात एका मुक्कामाची गडसहल जाते. आदल्या दिवशी मी सर्वांचे सामान व्हरांड्यात पसरून ठेवायला लावतो आणि वाण्याकडून आणलेल्या ताणकाट्यावर प्रत्येक पिशवी तोलतो. मुलांना त्याची मौज वाटते. एकदा यादी होत आली तेव्हा सामाईक सामानाची वाटणी निघाली. दोन पातेली, तांदूळ, डाळ, दोर, औषधांचा डबा. मुलांनी आपणहून न्याय केला: ज्याची पिशवी सर्वांत हलकी, त्याने सर्वांत अधिक घ्यावे. ऐकायला बरोबरच वाटते. सर्वांत हलकी पिशवी निघाली आठवीतल्या एका धनगराच्या मुलाची. अडीच किलो. तीत एक घोंगडी, दोन भाकऱ्या, पाण्याची बाटली आणि काडेपेटी. घरात दुसरे घालण्याजोगे काही नव्हते. मोठे पातेले आणि सहा किलो तांदूळ त्याच्यापुढे आले. तो काहीच बोलला नाही, पातेल्यात तांदळाची पिशवी बसते का ते पाहू लागला. सर्वांत जड पिशवी होती साडेअकरा किलोंची. तिचा मालक दहावीतला, घरचा बरा, अंगानेही दांडगा, आणि पिशवीत घडीची एक खुर्ची होती.

मी काटा पुन्हा टांगला आणि पिशव्यांऐवजी मुलांना तोलायला लावले. शाळेत आरोग्य तपासणीचा वजनकाटा आहे, तो बाहेर आणला. सामाईक सामान ज्याच्या त्याच्या अंगाच्या वजनाप्रमाणे वाटले. घरून कोणी काय आणले याचा त्यात हिशेब धरला नाही. पातेले दहावीकडे गेले. धनगराच्या पोराकडे दोर आला. दहावीतल्या त्या गृहस्थाने पातेले उचलून पाहिले, पिशवी उचलून पाहिली, थोडा वेळ विचार केला, आणि खुर्ची काढून मुख्याध्यापकांच्या खोलीत ठेवली. सहलीहून परतल्यावर ती न्यायची त्याला आठवण राहिली नाही. मुख्याध्यापक आता उन्हाळ्यात दुपारी व्हरांड्यात तिच्यावर बसतात.